द्राक्षवेल, शेणखत आणि बाजार

(देऊळघाट येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. चिटणिसांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी मुलामुलींचे शिक्षण, लग्नातील खर्च, वसतिगृहाची इमारत अशा विषयांवर व्याख्याने होतात. यंदा चिटणिसांनी आम्हांस दिलेला विषय ऐकून कित्येकांना नवल वाटले असेल. द्राक्षाची बाग, तिला घालावयाचे खत आणि त्या द्राक्षांपासून होणारी वाइन, हा विषय माळ्याच्या घराला निम्मा शोभतो आणि निम्मा शोभत नाही, असे आमच्या एका वृद्ध काकूंनी कालच आम्हांस ऐकविले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु विषय शोभेचा नसून गरजेचा आहे, म्हणून तो आम्ही पत्करला.

गरज कोणती, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. आपल्या ज्ञातीतील अकरा कुटुंबांच्या तरुणांनी कार्यकारिणीपुढे एक अर्ज ठेवला आहे. घाटावरच्या आपल्या वीस एकर जमिनीत वाइनच्या जातीची द्राक्षे सेंद्रिय पद्धतीने लावावीत, त्यासाठी बाहेरगावचा एक खरेदीदार तयार आहे, आणि मांडव उभारण्याच्या खर्चासाठी मंडळाने आपल्या शिक्षणनिधीतून कर्जाऊ रक्कम द्यावी, असा तो अर्ज आहे. अर्ज नीट लिहिलेला आहे. लिहिणारी मुले शिकलेली आहेत, कष्टाळू आहेत, आणि सोयाबीन व कपाशी ह्यांच्या भावाने गांजलेली आहेत. त्यांची थट्टा करून हा अर्ज बाजूस सारणे हा अन्याय होईल. आणि कौतुकाच्या भरात मान डोलावणे हा त्याहून मोठा अन्याय होईल. म्हणून आज आम्ही त्या अर्जातील एकेक गोष्ट आपल्यापुढे उलगडून ठेवणार आहोत.

प्रथम वेलीविषयी बोलू. द्राक्षवेल ही आपल्या मुलुखाला परकी आहे असा समज असेल तर तो सोडून द्यावा. चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्को देशाचा प्रवासी दौलताबादेस आला होता. तेथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने लिहून ठेविले आहे. दौलताबाद आपल्यापासून फार दूर नाही. पुढे नाशिकची भोकरी द्राक्षे प्रसिद्ध झाली, मग थॉमसन जातीची बिनबियांची द्राक्षे आली, १९६० च्या सुमारास महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला, आणि नाशिक, सांगली, सोलापूर ह्या जिल्ह्यांत वेलीचे राज्य पसरले. १९९७ साली केंद्र सरकारने पुण्याजवळ मांजरी येथे द्राक्षांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र काढले. अगदी शेजारचे उदाहरण हवे असेल तर जालना जिल्ह्यातील कडवंची गाव पाहावे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने विजयअण्णा बोराडे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या गावी पाणलोटाचे काम केले. नाल्यांना बांध घातले, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविले, मागाहून शेततळी झाली. आणि कोरडवाहू म्हणून हिणविलेले ते गाव आज द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाते. येथे एक गोष्ट मुलांनी ध्यानात घ्यावी. कडवंचीने आधी पाणी साठविले आणि मग वेल लावली. वेल लावून पाण्याच्या मागे धावण्याचा उलटा क्रम तेथे झाला नाही.

आता वेलीचे वर्ष कसे असते ते पाहू. युरोपात हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जाते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडे तिला झोप नाही. म्हणून आपण तिची दोन वेळा छाटणी करतो. एप्रिलात खरड छाटणी, जिच्यामुळे नवी काडी तयार होते. आणि ऑक्टोबराच्या सुमारास फळछाटणी, जिला गोडी छाटणी असेही म्हणतात. जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत घड उतरतात. ह्या एका वर्षात मजुरांचे हात वेलीवरून किती वेळा फिरतात त्याची गणती नाही. काडी बांधणे, फुटी काढणे, पाने विरळ करणे, घड राखणे, हे सारे हातांनीच होते. आणि ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस आला तर केवडा पडतो, थंडीत भुरी येते, पावसाळ्यात करपा. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसाने नाशिकच्या बागांत केवड्याने जो कहर केला, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारांनी ज्या बागा झोडपल्या, त्या हकीकती तिकडच्या आपल्या सोयऱ्यांकडून आपण ऐकल्याच आहेत.

ह्या रोगांच्या धाकाने बागायतदार औषधांच्या मागे लागला. एक फवारणी चुकली तर वर्ष बुडते, ह्या भीतीने तो दोन फवारण्या अधिक करी. त्याची फेड २०१० साली झाली. त्या वर्षी युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक सापडला. ते द्रव्य आपल्याकडील तपासणीच्या यादीत तोवर नव्हतेच. तेव्हा शेतकऱ्याने ते राजरोस वापरले, तपासणीत ते दिसले नाही, आणि समुद्रापलीकडे गेल्यावर माल नाकारला गेला. दोष कोणाचा ह्यावर पुष्कळ वाद झाला. तोटा मात्र बहुतांशी बागायतदाराने सोसला. विषमुक्त शेतीचा विचार आपल्या तरुणांच्या मनात आला तो अशा अनुभवांतून आला आहे, आणि तो विचार आम्हांस मनापासून मान्य आहे.

परंतु 'सेंद्रिय' ह्या शब्दाचा अर्थ नेमका समजून घ्यावा. रासायनिक खत व कीटकनाशक घातले नाही म्हणजे माल सेंद्रिय झाला, एवढ्यावर बाजार समाधान मानीत नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००० सालापासून चालू आहे. त्याच्या नियमांप्रमाणे द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकास तीन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो. त्या काळात सेंद्रियाचा सारा खर्च व सारी जोखीम शेतकऱ्याची, पण माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. नव्या बागेस पहिले चांगले पीक तिसऱ्या वर्षी येते, म्हणून हा काळ वेलीच्या वाढीतच निघून जातो, ही त्यातली सोय होय. तसेच फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जे हायड्रोजन सायनामाइड लावतात तेही सेंद्रिय बागेत चालत नाही; त्यामुळे डोळे मागेपुढे फुटतात व मजुरी वाढते. शेजारच्या शेतातील फवारा आपल्या बागेवर येऊ नये म्हणून मधे पट्टा सोडावा लागतो. प्रत्येक कामाची वही ठेवावी लागते. आपल्या वाडवडिलांनी सेंद्रियच शेती केली हे खरे. पण त्यांनी वही ठेविली नव्हती, आणि आजचा बाजार वहीला पैसे देतो.

सेंद्रिय म्हणजे निव्वळ निरुपद्रवी, असाही गैरसमज नको. केवड्यावर सेंद्रिय बागेतही बोर्डो मिश्रण चालते. ह्या मिश्रणाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. फ्रान्सात बोर्डो शहराच्या आसपास रस्त्याकडेच्या वेलींवर बागायतदार मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवीत, हेतू एवढाच की निळसर डाग पाहून वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की ह्या डागाळलेल्या वेलींवर केवडा पडत नाही. १८८५ साली त्याने ही कृती प्रसिद्ध केली. आजही शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना हे प्रमाण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. पण मोरचूद म्हणजे तांबे, आणि तांबे मातीत साठून राहते, गांडुळांस जाचते. म्हणून युरोपात २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी अठ्ठावीस किलोंपेक्षा अधिक तांबे घालू नये असा निर्बंध आहे. तात्पर्य, सेंद्रिय शेतीतही हात आवरून काम करावे लागते.

अर्जात आणखी एक शब्द आहे, 'बायोडायनॅमिक'. मराठीत त्यास जीवगतिक शेती म्हणावे. त्याविषयी आपल्यात बरीच कुजबूज झाली. कोणी त्यास जादूटोणा म्हटले, कोणी ऋषींची विद्या म्हटले. वस्तुस्थिती अशी आहे. रुडॉल्फ स्टायनर ह्या ऑस्ट्रियन तत्त्वचिंतकाने जून १९२४ मध्ये, तेव्हा जर्मनीत असलेल्या कोबेरविट्झ ह्या गावी, शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्याने दिली. रासायनिक खतांनी जमिनीचा कस चालला आहे अशी त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. शेत हा एक सजीव देह आहे, गुरे, माती, पीक आणि मनुष्य हे त्याचे अवयव आहेत, आणि जे लागते ते शक्यतो शेतातच निर्माण व्हावे, असा त्याचा सिद्धान्त. त्यावरून जी शेती निघाली तिच्या मालाला १९२८ पासून 'डिमीटर' हे बोधचिन्ह मिळू लागले. डिमीटर ही ग्रीक लोकांची धान्यदेवता.

ह्या पद्धतीत गाईच्या शिंगात गाईचे शेण भरून ते थंडीचे महिने जमिनीत पुरतात. ते काढल्यावर काळसर, सुवासिक खत होते. त्यातले एकरी पंचवीस ग्रॅम सुमारे तेरा-चौदा लिटर पाण्यात घालून तासभर, एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे, भोवरा पडेल असे ढवळतात आणि सायंकाळी जमिनीवर शिंपडतात. दुसऱ्या शिंगात गारगोटीचे पीठ भरतात. शिवाय काही औषधी वनस्पती घालून खताचा ढीग लावतात आणि चंद्र व राशी पाहून पेरणी-छाटणीचे दिवस ठरवितात. न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर १९९३ पासून भारतात वारंवार येऊन हे शिकवीत. गाईचे शेण, अंड्याची टरफले आणि बेसाल्टचा चुरा घालून विटांच्या उथळ खड्ड्यात करावयाचे खत त्यांनी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रुजविले. बेसाल्ट म्हणजे काय, तर आपल्या पायाखालचा काळा पाषाण. फ्रान्सात लुआर नदीकाठचे निकोला जोली ह्यांच्यासारखे नामांकित द्राक्षमळेवाले हीच पद्धत पाळतात आणि त्यांची वाइन मोठ्या किमतीस जाते.

ह्यात खरे किती? आम्ही आपल्यापुढे प्रामाणिकपणे सांगतो. कॅलिफोर्नियातील मर्लो जातीच्या एका द्राक्षमळ्यात, एका भागास नुसती सेंद्रिय आणि दुसऱ्यास जीवगतिक पद्धत लावून कित्येक वर्षे तुलना केली गेली. २००५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मातीच्या गुणांत दोहोंमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे शेणखताचा, आच्छादनाचा, पिकांच्या फेरपालटीचा गुण दोन्हीकडे सारखाच. शिंगाचा व चंद्राचा वेगळा गुण सिद्ध झालेला नाही. ज्यास श्रद्धा आहे त्याने जरूर पाळावे, त्याने काही बिघडत नाही. ढवळण्यासाठी जो माणूस तासभर बागेत बसतो त्याचे वेलीकडे लक्ष राहते, आणि धन्याच्या नजरेसारखे खत नाही ही आपली जुनी म्हण खरी ठरते. पण त्यासाठी परदेशी चिन्हाची फी भरावयाची की नाही, हा हिशेबाचा प्रश्न आहे, धर्माचा नव्हे.

आणि मातीची विद्या शिकण्यास आपणांस समुद्र ओलांडावा लागत नाही. आपल्याच विदर्भात पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना सारे नाडेप काका म्हणत, ह्यांनी थोडक्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत बसविली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे भोके ठेवलेले विटांचे टाके. त्यात पालापाचोळा, माती आणि शंभर किलोंच्या आतबाहेर शेण. तीन-चार महिन्यांत काही टन खत. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ह्यांनी शेण, गोमूत्र, गूळ व बेसन ह्यांचे जीवामृत घरोघर पोहोचविले. ह्याही आधी, आपल्या ज्ञातीला ज्यांच्या नावाचा अभिमान आहे त्या महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती बांध घालून अडवा, गाळ शेतकऱ्याच्या शेतात जाऊ द्या, अशी मागणी केली होती. कडवंचीने जे केले त्याचे बीज तेथे आहे.

आता आपण बागेतून बाजारात येऊ. वाइनचे द्राक्ष हे खाण्याच्या द्राक्षाहून वेगळे. खाण्याचे द्राक्ष मोठे, लांबट, चकचकीत हवे; त्यासाठी जिबरेलिक आम्लात घड बुडवावे लागतात. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे असले तरच चांगले, कारण रंग व चव सालीत असते. म्हणून सेंद्रिय पद्धत वाइनच्या द्राक्षास त्या मानाने सोपी जाते. ही मुलांची समजूत बरोबर आहे. परंतु खाण्याचे द्राक्ष एकरी दहा-बारा टन निघत असेल, तर चांगल्या प्रतीची वाइन हवी असलेला कारखानदार एकरी चार-पाच टनांवर थांबावयास सांगतो. आणि मुख्य गोष्ट ही की शेनिन ब्लांक किंवा शिराझचे द्राक्ष कारखान्याने नाकारले तर ते बुलढाण्याच्या बाजारात कोणी टोपलीभरही घेणार नाही. खाण्याच्या द्राक्षाला शंभर गिऱ्हाइके असतात, वाइनच्या द्राक्षाला एकच.

हा धोका आमच्या घराने भोगलेला आहे. आमचे मेहुणे निफाड तालुक्यात राहतात. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वाइनवरचे उत्पादनशुल्क माफ केले, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क काढले. त्या आधीच, १९८० च्या दशकात शामराव चौगुले ह्यांनी नारायणगावास फेसाळ वाइन केली होती, आणि १९९९ मध्ये राजीव सामंत ह्यांनी नाशिकजवळ सुला हा मळा काढून तो धंदा फळाला आणून दाखविला होता. त्या उत्साहात मेहुण्यांनी २००७ साली दोन एकर वाइनची द्राक्षे लावली. एका कारखान्याशी करार झाला तो साध्या कागदावर. तशात २००८ च्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, जगभर मंदी आली, हॉटेले ओस पडली, आणि कारखान्यांच्या टाक्यांत वाइन पडून राहिली. २०१० च्या हंगामात साखर चढलेली द्राक्षे वेलीवर लोंबत होती आणि कारखान्याची गाडी आली नाही. आधीच्या मालाचेही पैसे अडकले ते अडकलेच. मेहुण्यांनी पुढच्या पावसाळ्यापूर्वी दोन्ही एकरांतील वेली बुडापासून तोडल्या. त्या दिवशी आम्ही तेथे होतो. मनगटाएवढी झालेली खोडे करवतीने पडत होती आणि आमची बहीण ओसरीवर पाठ करून बसली होती. त्या कारखान्याचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण आम्हांस कोणावर आरोप करावयाचा नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच, की ज्या करारात 'माल उचलला नाही तर काय' ह्या वाक्याचे उत्तर नाही, तो करार नव्हे.

वाइन कशी विकली जाते, हेही पाहावे. सव्वा किलो द्राक्षांत एक बाटली होते असे धरा. द्राक्षाचा भाव किलोला पन्नास रुपये आणि बाटली आठशे रुपयांस विकली गेली असे समजा. त्या आठशेंत द्राक्ष पिकविणाऱ्याचे साडेबासष्ट रुपये, म्हणजे शेकड्यास आठसुद्धा नाहीत. बाकीचे कर, काच, बूच, दुकानदाराचा नफा, भांडवलाचे व्याज आणि बाटलीवरचा कागद ह्यांत जातात. त्या कागदावर बरेचसे विकले जाते. दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात करण्यास मनाई असल्यामुळे कारखानदार गिऱ्हाइकालाच मळ्यात बोलावतो, वेलींतून फिरवितो, चव देतो, उत्सव भरवितो. नाशिकला आज सहली जातात त्या ह्याच कारणाने. तेथे विकली जाते ती एक कथा. ही माती, हा डोंगर, हा शेतकरी, ही गाय. कथा खोटी असते असे नव्हे. पण तिचा मोबदला जो ती सांगतो त्यास मिळतो, जो ती जगतो त्यास नव्हे.

१९९१ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात असे सांगितले गेले की फ्रेंच लोक तुपकट खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, ते तांबड्या वाइनमुळे असावे. तेवढ्या कथेवर तिकडे तांबड्या वाइनचा खप झपाट्याने वाढला. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. पहिली कथा घरोघर पोहोचली, दुसरी तितकी पोहोचली नाही.

'सेंद्रिय वाइन' ह्या शब्दाचेही तसेच. युरोपात २०१२ पूर्वी 'सेंद्रिय द्राक्षांची वाइन' एवढेच लिहिता येई; त्यानंतर वाइन करण्याचेही नियम झाले आणि गंधकयुक्त द्रव्याची मर्यादा ठरली. अमेरिकेत तर ते द्रव्य वरून घातलेली बाटली 'सेंद्रिय वाइन' म्हणवू शकत नाही. आपल्याकडे बागेस प्रमाणपत्र असले तरी कारखान्यास नसेल तर बाटलीवर सेंद्रियाचा शिक्का येत नाही. मग कारखानदार सेंद्रिय द्राक्षास अधिक भाव का देईल? हा प्रश्न मुलांनी त्या खरेदीदारास विचारला आहे काय? आणि दुसरा प्रश्न. आपल्यापासून नाशिक अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. वाइनची द्राक्षे पहाटेच्या थंडाव्यात तोडून काही तासांत कारखान्यात पडावी लागतात. क्रेटमध्ये उन्हात रस सुटला की आंबण्यास तेथेच आरंभ होतो. थंड गाडीचे भाडे कोणाच्या माथी?

आता काकूंच्या निम्म्या आक्षेपाकडे येतो. जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढण्यास विरोध केला होता. आपल्या गावोगावच्या भगिनींनी बाटली आडवी करण्यासाठी मतदान मागितले आहे, त्यांतील काही आज समोर बसल्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'शेतकऱ्याच्या हितासाठी' असे कारण दिले गेले. पुष्कळ विरोध झाला आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. ह्या वादात आम्ही कोणा शेतकऱ्यास पापी म्हणणार नाही. ऊस पिकविणाऱ्यास मळीच्या दारूचा जाब कोणी विचारीत नाही. परंतु मंडळाचा शिक्षणनिधी हा ज्यांनी दिला त्यांत दारूने घर धुऊन निघालेल्या विधवांचे पैसेही आहेत. तो पैसा ह्या कामी लावण्यापूर्वी त्यांना विचारले पाहिजे, आणि त्या काय म्हणतील हे आम्हांस विचारल्यावाचूनही ठाऊक आहे.

म्हणून आमचे मत असे. शिक्षणनिधीस हात लावू नये. तो मुलींच्या वसतिगृहासाठी आहे, आणि ज्याच्या फळास तीन वर्षे लागतात व ज्याला गिऱ्हाईक एकच, त्या कामी त्याला गुंतवू नये. मात्र मुलांच्या उत्साहास आम्ही नाही म्हणत नाही. अकराही कुटुंबांनी ह्याच पावसाळ्यापूर्वी प्रत्येकी दोन नाडेप टाकी बांधावीत आणि शेततळ्याचा विचार करावा. विहिरीचे पाणी मे महिन्यात किती फूट उरते ते दोन उन्हाळे वहीत लिहावे. त्यानंतर प्रत्येकाने अर्धा एकर, त्याहून अधिक नाही, अशी द्राक्षे लावावीत की जी खाताही येतील आणि वाळवून बेदाणाही करता येईल. चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो. तासगावच्या सौद्यात त्याला बोली लागते, तो शीतगृहात राहतो, भावाची वाट पाहू शकतो, आणि आपल्या देव्हाऱ्यातल्या नैवेद्याच्या वाटीतही शोभतो. वही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि गटाने मिळून प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे खर्च वाटला जातो. चार वर्षांनी जर कोणी वाइनचा कारखानदार आला, तर त्याच्याशी बोलताना आपल्या हाती पाणी, खत, वही आणि दुसरे गिऱ्हाईक अशा चार गोष्टी असतील. आज त्यांतील एकही नाही. रिकाम्या हाताने करार करणारा तो करार करीत नाही, तो विनंती करतो.

मांडवासाठी भांडवल लागेल हे आम्हांस कळते. निधी नको म्हणून आम्ही केवळ उपदेश करून मोकळे होत नाही. ज्या कुटुंबास दोन टाक्यांच्या विटा परवडत नसतील, त्यांच्या विटा आम्ही व आमचे बंधू आमच्या खर्चाने देऊ. मेहुण्यांनीही निरोप पाठविला आहे. छाटणीच्या दिवसांत ते आठ दिवस देऊळघाटास येऊन राहतील आणि मुलांच्या हातात कात्री देऊन शिकवतील. वेली तोडल्यानंतर त्यांनी दोन वर्षे कात्री हातात धरली नव्हती. आता त्यांची एक एकर खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे, तीही शेणखतावर.

आमच्या आजोबांची मोट होती. मोटेला नाडा नवा घातला की ते पहिल्या दिवशी बैलांना अर्धीच मोट ओढू देत. नाडा बसू दे, मग भरून काढू, असे म्हणत. तरुणांनो, आम्ही तुम्हांस तेवढेच सांगत आहो.